वाचकांचे प्रश्न : रेल्वेप्रेमींची बैठक

रेल्वेप्रेमींच्या स्थानिक मंडळांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. अशाच एका मंडळाचे कार्यवाहपद मी बरीच वर्षे सांभाळले असल्याने उत्तरांत कोठे पक्षपात जाणवल्यास वाचकांनी तो त्या अनुभवाच्या खात्यावर टाकावा.

प्रश्न : आम्ही नऊ जण रेल्वेचे चाहते आहोत. सर्वांना सोयीच्या दिवशी भेटायचे असे ठरले होते. परंतु वर्षभरात दोनदाच भेट झाली. मंडळ रीतसर स्थापन करावे काय? घटना, नोंदणी, वर्गणी हे सारे लागते काय?

उत्तर : अडचण आपल्याच पत्रात लिहिलेली आहे. नऊ जणांना सोयीचा असा दिवस दिनदर्शिकेत नसतो आणि तो शोधण्यातच वर्ष निघून जाते. महिन्याचा अमुक शनिवार, सायंकाळी अमुक वाजता, अमुक खोलीत, असे एकदा ठरवून टाकावे आणि चारच जण आले तरी बैठक घ्यावी. ज्याला एखाद्या महिन्यात जमले नाही त्याला पुढची तारीख कोणाला विचारावी लागत नाही, हा या पद्धतीचा खरा लाभ आहे. वेळापत्रकाचे महत्त्व रेल्वेप्रेमींना मी समजावून सांगावे हे काहीसे विनोदी वाटेल. परंतु गाडी चार मिनिटे उशिरा आली तर वहीत नोंद करणारी मंडळी स्वतःच्या बैठकीला अर्धा तास उशिरा येतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

घटनेसाठी एक पान पुरे. मंडळाचा उद्देश, सभासद कोणाला होता येईल, वर्गणी कोण ठरवील, अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांची निवड केव्हा होईल, एवढे त्यात यावे. एक कलम मात्र बहुतेक मंडळे विसरतात : मंडळ बंद पडल्यास शिल्लक रक्कम आणि संग्रह कोणाकडे जाईल. मंडळ उत्साहात असते तेव्हाच हे कलम लिहून ठेवावे, कारण नंतर ते लिहायला कोणी उरत नाही. नोंदणीची घाई नको. मंडळाच्या नावावर पैसा किंवा वस्तू साठू लागल्या की आपल्याकडील कायद्यानुसार ती करून घ्यावी. इतिवृत्त मात्र पहिल्या बैठकीपासून लिहावे. त्यात केवळ ठराव न लिहिता त्या दिवशी कोणी काय दाखवले आणि त्यावर कोण काय म्हणाले हेही यावे. इंग्लंडमध्ये रेल्वे क्लब १८९९ साली आणि स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी १९०९ साली स्थापन झाली. म्हणजे या छंदाची संघटित परंपरा शतकाहून जुनी आहे.

प्रश्न : आमच्या मासिक बैठकीत दर वेळी कोणीतरी आपल्या प्रवासाची छायाचित्रे पडद्यावर दाखवतो. पूर्वी तीस जण येत असत, आता बारा येतात. कार्यक्रम कसा आखावा?

उत्तर : उरलेल्या बारा जणांच्या चिकाटीचे प्रथम कौतुक करतो. आमच्या मंडळातही एका ज्येष्ठ सभासदाने एका संध्याकाळी दोनशे चाळीस छायाचित्रे आणली होती. त्यांपैकी निम्म्यांत तेच इंजिन त्याच फलाटावर थोडे थोडे पुढे सरकत होते. दीडशेव्या छायाचित्राच्या सुमारास सभागृहाच्या रखवालदाराने वेळ संपल्याचे सांगून दिवे मालवले, तेव्हा अंधारात कोणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो वक्त्यालाही ऐकू गेला. वक्ते पुढे वर्षभर आले नाहीत. दोष त्यांच्याइतकाच कार्यवाहाचा, म्हणजे माझा होता. कारण किती छायाचित्रे आणायची हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही असा नियम केला की मुख्य वक्त्याला पंचेचाळीस मिनिटे आणि चाळीस छायाचित्रे मिळतील, आणि त्याआधीचा अर्धा तास एकाच वस्तूला दिला जाईल. ती वस्तू टेबलावर ठेवायची, हातोहात फिरवायची आणि तिच्यावर दिसते तेवढेच आधी वाचायचे. बैठकीला जीव आला तो या अर्ध्या तासाने, असे माझे मत आहे.

उदाहरणार्थ पुठ्ठ्याचे जुने तिकीट घ्या. सुमारे ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असा तो तुकडा. त्याचा जनक टॉमस एडमंडसन हा मूळचा लाकडी सामान बनवणारा कारागीर. पुढे तो इंग्लंडमधील न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवर मिल्टन या लहानशा स्थानकाचा स्टेशन मास्तर झाला. तोपर्यंत घोडागाडीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक तिकीट हाताने लिहून द्यावे लागे आणि जमा झालेल्या पैशांचा पडताळा घेण्याचे साधन नव्हते. एडमंडसनने आधीच छापलेली, ओळीने क्रमांक घातलेली तिकिटे आणली आणि त्यांवर तारखेचा ठसा उमटवणारे यंत्रही बनवले. दिवसाअखेर विकायच्या राहिलेल्या पहिल्या तिकिटाच्या क्रमांकातून सकाळचा पहिला क्रमांक वजा केला की किती तिकिटे विकली गेली हे कळते आणि गल्ल्यात किती रक्कम असली पाहिजे याचा हिशेब मिनिटात होतो. १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेली ही युक्ती पुढे जगभर पसरली आणि अनेक देशांत संगणकीय तिकिटे येईपर्यंत टिकली.

आता हातातले तिकीट पाहा. क्रमांक दोन्ही टोकांना छापलेला असेल तर त्याचे कारण सभासदांना विचारावे. तिकीट मधोमध कापले तरी दोन्ही तुकड्यांवर क्रमांक राहावा म्हणून तो तसा असतो. कोपरा तिरका कापलेला असेल तर ते लहान मुलाचे अर्धे तिकीट असण्याचा संभव आहे. कापलेला तुकडा खिडकीवरचा कारकून हिशेबासाठी जपून ठेवत असे. चिमट्याने पाडलेल्या भोकाचा आकार, पुठ्ठ्याचा रंग, तारखेचा ठसा, वर्ग, मार्ग यांपैकी प्रत्येक गोष्टीवर कोणाला तरी काही ठाऊक असते, आणि जो सभासद सहा महिने मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो तोच अशा वेळी बोलू लागतो.

दुसरी अशी वस्तू म्हणजे गाड्यांचा आलेख, ज्याला रेल्वेतील लोक चार्ट म्हणतात. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके, तीही त्यांच्यातील प्रत्यक्ष अंतराच्या प्रमाणात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान, आणि आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन रेघा स्थानकातच एकमेकींना छेदल्या पाहिजेत. त्या दोन स्थानकांच्या मध्ये छेदल्या तर आलेख काढणाऱ्याने चूक केली आहे, आणि तशाच गाड्या सोडल्या तर अपघात ठरलेला. या आलेखाच्या प्रती वाटून अमुक गाडी वीस मिनिटे उशिरा सुटली तर क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडण्याची जागा, कोठे न्यावे, कोणती मालगाडी बाजूच्या मार्गावर घालावी, असा प्रश्न टाकावा. नियंत्रण कक्षातील माणूस दिवसभर करतो ते हेच काम. आमच्या मंडळात या खेळावर दोन बैठका गेल्या आणि तिसऱ्या बैठकीसाठी सभासदांनी आपणहून आग्रह धरला.

प्रश्न : आमच्या मंडळात दोन ज्येष्ठ सभासदांचा जगातील सर्वांत वेगवान वाफेचे इंजिन कोणते यावरून वाद झाला आणि आता ते दोघे एकाच बैठकीला एकत्र येत नाहीत. हा वाद मिटवावा कसा?

उत्तर : मिटवू नये, कागदावर आणावा. एक सभासद ब्रिटिश ‘मॅलर्ड’ची आणि दुसरे ०५ ००२ या क्रमांकाच्या जर्मन इंजिनाची बाजू घेत असावेत, असा माझा अंदाज आहे. मॅलर्डने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे जवळजवळ २०३ किलोमीटर, वेग गाठल्याचे मानले जाते. जर्मन इंजिनाने त्याआधी, ११ मे १९३६ रोजी, बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गावर २००.४ किलोमीटरची नोंद केली होती. येथवर मॅलर्डचा विजय स्पष्ट दिसतो. परंतु मॅलर्ड उतारावरून धावत होते आणि जर्मन मार्ग जवळजवळ सपाट होता. शिवाय त्या धावेत मॅलर्डचे मधल्या सिलिंडरचे बेअरिंग तापून निकामी झाले. त्याहून गमतीची गोष्ट अशी की मॅलर्डचे रचनाकार सर नायजेल ग्रेस्ली यांनी स्वतः १२६चा आकडा मान्य केला नव्हता. ते १२५ वरच थांबत. १२५ मैल म्हणजे २०१.२ किलोमीटर. तेव्हा एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला सपाटी, आणि मधले अंतर ताशी एका किलोमीटरहूनही कमी.

१२५ की १२६ हा प्रश्न निर्माण होतो तोच मोजण्याच्या रीतीमुळे. मॅलर्डच्या गाडीला मापनाचा खास डबा जोडलेला होता. त्यात चाकाबरोबर सरकणाऱ्या कागदावर लेखणी रेघ ओढत जाते आणि वेळेच्या खुणा पडतात. त्या रेघेवरून वेग काढताना किती लांबीचे अंतर धरावे यावर उत्तर बदलते : लांब अंतराची सरासरी काढली की शिखर बोथट होते आणि फार लहान तुकडा घेतला की मोजणीतली चूकच शिखर म्हणून दिसू लागते. दोन्ही सभासदांना पुढील बैठकीत प्रत्येकी वीस मिनिटे द्यावीत, एकाने मोजणीवर बोलावे आणि दुसऱ्याने मार्गाच्या चढउतारावर. कोणते इंजिन श्रेष्ठ, हा विषय अध्यक्षांनी त्या दिवशी पुकारूच नये. मला विचाराल तर अशा वादांवाचून मंडळ अळणी होते. वाद वाईट नसतो, पुरावा घरी ठेवून घातलेला वाद वाईट असतो.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी मोठ्या उत्साहाने एका रेल्वेप्रेमी मंडळाच्या बैठकीला गेली. सर्व जण ‘४-६-२’, ‘को-को’ अशा भाषेत बोलत होते. तिला काहीच कळले नाही आणि विचारायला संकोच वाटला. ती पुन्हा जायला तयार नाही.

उत्तर : चूक मंडळाची आहे आणि मी ती माझ्या मंडळाच्या वतीनेही मान्य करतो, कारण आम्हीही तसेच बोलत आलो आहोत. तिला एवढे सांगावे की ही भाषा दहा मिनिटांत शिकता येते. ४-६-२ ही व्हाइट पद्धत. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक व्हाइट यांच्या नावाने ती ओळखली जाते. यात इंजिनाची चाके पुढून मागे मोजतात : पुढे भार वाहणारी चार, मध्ये इंजिनाला ओढ देणारी एकमेकांना जोडलेली सहा, मागे पुन्हा भार वाहणारी दोन. या रचनेला ‘पॅसिफिक’ म्हणतात. युरोपातील अनेक देशांत चाकांऐवजी आस, म्हणजे चाकांची जोडी धरणारे दांडे, मोजतात आणि जोडलेल्या आसांसाठी अक्षर वापरतात (सी म्हणजे तीन), म्हणून तेच इंजिन तेथे २सी१ ठरते. डिझेल आणि विजेच्या इंजिनांत ‘को-को’ म्हणजे इंजिनाखाली चाकांच्या दोन चौकटी (बोगी), प्रत्येकीत तीन आस आणि प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर. दोन-दोन आस असतील तर ‘बो-बो’.

याखेरीज तिला एक मोजणी शिकवावी, जी बैठकीतील सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. रूळ तेरा-तेरा मीटर लांबीचे आणि सांध्यांनी जोडलेले असतील तर चालत्या गाडीत डोळे मिटून ४७ सेकंदांत किती खटके ऐकू येतात ते मोजावे. तो आकडा म्हणजेच गाडीचा ताशी किलोमीटरमधील वेग. जोड वितळवून सलग केलेल्या आजच्या रुळांवर खटकाच नसल्याने ही युक्ती तेथे चालत नाही.

मंडळाने करावयाची गोष्ट साधी आहे. प्रत्येक बैठकीत एका सभासदाकडे नवागताशेजारी बसून कानात अर्थ सांगण्याचे काम द्यावे. छंदाचे प्रकारही अनेक असतात, हे जुन्या सभासदांनी विसरू नये. जपानमध्ये तर प्रत्येक प्रकाराला नाव आहे : प्रवासात रमणारे ‘नोरितेत्सु’, छायाचित्रे काढणारे ‘तोरितेत्सु’, आणि गाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारेही निराळे. आपली मुलगी यांपैकी कोण आहे हे तिचे तिला ठरवू द्यावे. इंजिनांचे वर्ग पाठ असणे ही प्रवेशपरीक्षा नव्हे.

प्रश्न : बैठकीनंतर आमचे काही तरुण सभासद छायाचित्रांसाठी रुळांच्या अगदी जवळ जातात. मंडळाने हस्तक्षेप करावा का?

उत्तर : करावा, आणि एकदाच समज देऊन न ऐकणाऱ्याचे सभासदत्व स्थगित करावे. विजेवर चालणाऱ्या अनेक मार्गांवर डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि तिला प्रत्यक्ष स्पर्श न होताही, केवळ जवळ गेल्याने, वीज उडी घेऊ शकते. लांब दांडीवर कॅमेरा चढवणाऱ्याला हे सांगायलाच हवे. वेगातील गाडीला चालकाने ब्रेक लावल्यावरही थांबायला एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर लागू शकते. रेल्वे प्रशासनाचा मंडळावरचा विश्वास अशा एका छायाचित्राने जातो, आणि पुढे लोकोशेड किंवा सिग्नल केबिन पाहण्याची परवानगी मागायला गेलेल्या कार्यवाहाला बाहेरच बसावे लागते.

प्रश्न : माझे वडील आमच्या येथील रेल्वेप्रेमी मंडळाचे जुने सभासद होते. त्यांच्या मागे काही हजार स्लाइड, निगेटिव्हचे डबे आणि अठरा वह्या राहिल्या आहेत. मंडळ हे सारे मागत आहे. द्यावे का? शिवाय एका वहीत पानेच्या पाने ‘३९, ३८, ३८, ३७, ४१, ५५’ असे आकडेच आहेत. ते कशाचे असावेत?

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. घाईने काहीही देऊ नये, आणि काहीही टाकूनही देऊ नये. प्रथम स्लाइड ज्या क्रमाने डब्यांत आहेत तो क्रम तसाच ठेवावा. नीटनेटके करण्याच्या भरात कुटुंबीय इंजिनांच्या स्लाइड एकीकडे आणि स्थानकांच्या दुसरीकडे लावतात आणि त्याबरोबर दिवस व प्रवासाचा माग कायमचा पुसला जातो. डब्याचेच छायाचित्र घ्यावे, झाकणावर लिहिलेले जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि मगच आतले उघडावे. कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइड असतील तर अंधारात ठेवल्यास त्यांचे रंग फार चांगले टिकतात. पडद्यावर दाखवताना त्यांच्यावर वारंवार प्रकाश पडला तर तेही फिके होतात. निगेटिव्हच्या एखाद्या डब्याला शिरक्याचा वास येत असेल तर फिल्मचा आधार कुजू लागला आहे असे समजावे, तो डबा इतरांपासून वेगळा ठेवावा आणि त्याच्या प्रती सर्वांत आधी करून घ्याव्यात. १९५०च्या आधीच्या फिल्म असतील तर त्या नायट्रेटच्या, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही असू शकतात. त्या घरात न ठेवता अभिलेखागारातील जाणकारांना दाखवाव्यात.

मंडळाला द्यायचे झाल्यास लेखी द्यावे. वस्तू देणे आणि छायाचित्रांचा स्वामित्वहक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क सामान्यतः वारसांकडे येतो आणि डबे हलवल्याने तो हलत नाही. मूळ वस्तू कोणाच्या घरी राहतील, मंडळ मोडल्यास त्या कोणाकडे जातील, प्रती कोणाला मिळतील, आणि छापताना वडिलांचे नाव दिले जाईल काय, एवढे कागदावर यावे. मंडळाकडे कोरडी खोली आणि यादी करणारा माणूस नसेल तर एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचा किंवा रेल्वे संग्रहालयाचा विचार करावा. एका सभासदाच्या कपाटात गेलेला संग्रह पुढच्या पिढीत पुन्हा याच प्रश्नाशी येऊन थांबतो.

आता ते आकडे. माझ्या समजुतीप्रमाणे हे सेकंद आहेत. आपले वडील खिडकीशी बसून रुळालगतच्या किलोमीटरच्या दगडांकडे पाहत एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत लागलेला वेळ घड्याळाने मोजत असावेत. ३,६००ला त्या आकड्याने भागले की ताशी वेग निघतो : ३९ म्हणजे सुमारे ९२ किलोमीटर, ३८ म्हणजे जवळजवळ ९५, ३७ म्हणजे ९७, पुढे ४१ला गाडी ८८वर उतरलेली दिसते आणि ५५ला एकदम ६५वर. पानाच्या वर गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, डब्यांची संख्या आणि तारीख यांपैकी काही आहे का ते पाहावे. ते सापडले, तर ती वही त्या मार्गावरील गाड्यांच्या प्रत्यक्ष वेगाची नोंद ठरते, आणि असा कागद रेल्वेच्या दप्तरातही सहसा राहत नाही. त्या मार्गाचा चढउतार दाखवणारा नकाशा मंडळातील कोणाकडे तरी नक्की असेल. वहीच्या प्रती काढून, मूळ वही घरीच ठेवून, त्या प्रती पुढच्या बैठकीला न्याव्यात आणि टेबलावर नकाशाशेजारी ठेवाव्यात. ज्या दगडापाशी ५५ लिहिले आहे तेथे चढ आहे, वळण आहे की त्या काळी पुलाचे काम चालू होते, हे सांगणारा त्यांचा एखादा जुना सोबती त्या खोलीत बसलेला असण्याचा संभव मोठा आहे.